नवी यंत्रणा रुजविताना : दोन पगारपत्रकांचा धडा

(केंद्र संमेलनातील अभ्यासासाठी)

प्रास्ताविक

महिन्याचा पगार ठरलेल्या दिवशी व बिनचूक हाती पडावा, ही गोष्ट नोकरदार मनुष्य इतकी गृहीत धरून चालतो की, तिच्यामागे किती जणांचे श्रम असतात याचा विचार तो सहसा करीत नाही. वार्षिक वेतनवाढ कोणत्या महिन्यापासून लागू झाली, बिनपगारी रजा किती दिवस होती, मागील थकबाकी किती निघाली, कर्जाचा हप्ता किती कापावयाचा, या सर्व नोंदी जुळतात तेव्हाच वेतनदेयकातील एक ओळ पुरी होते. ती ओळ चुकली तर कागदावर केवळ एक आकडा चुकतो. परंतु घरात किराणा दुकानदाराचे देणे तुंबते, मुलाची परीक्षा-फी राहते आणि बँकेचा हप्ता थकतो.

म्हणून एखाद्या कार्यालयात जुनी पद्धत जाऊन नवी संगणक-प्रणाली यावयाची असते, तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा नसतो. यंत्र विकत घेता येते. ते माणसांच्या हातांत रुजवावे लागते. हे रुजविण्याचे काम कसे करावे व कसे करू नये, हे समजण्यासाठी येथे दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले उदाहरण इंग्लंडमधील असून ते १९५४ चे आहे. दुसरे कॅनडातील असून ते २०१६ चे आहे. दोन्ही ठिकाणी काम एकच होते, ते म्हणजे पगारपत्रक तयार करणे. एका ठिकाणी ते साधले, दुसऱ्या ठिकाणी फसले. नवल असे की, जेथे ते साधले तेथील यंत्र अगदी बाल्यावस्थेतील होते. आणि जेथे फसले तेथील यंत्र साठ वर्षांनी पुढारलेले होते.

१. लायन्स कंपनीचा ‘लिओ’

लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी या नावाची चहा, पाव व केक यांचा व्यापार करणारी मोठी संस्था होती. शहरोशहरी तिची चहागृहे होती. एकेका गिऱ्हाइकाचे बिल अगदी थोड्या पैशांचे. परंतु अशी बिले रोज लक्षावधी. तेव्हा हिशेबाचा खर्च कमी कसा करता येईल, याचा विचार त्या संस्थेस सतत करावा लागे. जॉन सिमन्स हा केंब्रिज येथे गणित शिकलेला गृहस्थ १९२३ मध्ये संस्थेत दाखल झाला. कचेरीतील कामाच्या रीती तपासून त्या सोप्या करण्यासाठी त्याच्या देखरेखीखाली एक स्वतंत्र विभाग चालत असे. हा विभाग यंत्र येण्यापूर्वी कित्येक वर्षे काम करीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९४७ मध्ये या संस्थेचे दोन अधिकारी अमेरिकेस गेले. तेथे नव्या गणकयंत्रांची माहिती घेत असताना त्यांना कळले की, आपल्याच देशात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स असे यंत्र उभारीत आहेत. लायन्सने त्या कार्यास पैशाचे साहाय्य केले, आपला एक तंत्रज्ञही दिला; आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’. जॉन पिंकर्टन यांनी यंत्र उभे केले, तर त्याच्याकडून कोणते काम कसे करून घ्यावयाचे याची आखणी डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. यंत्रात सुमारे ६००० व्हॉल्व्ह होते व त्यांतील एखादा केव्हा निकामी होईल याचा नेम नसे.

अशा बेभरवशाच्या यंत्रावर हजारो कामगारांचा पगार सोपविणे हे धाडसच होते. म्हणून ते एकदम केले गेले नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये यंत्रास पहिले काम देण्यात आले, ते बेकरीतील मालाच्या आठवड्याच्या मूल्यांकनाचे. हे काम साधे होते. त्यात एखादे वेळी विलंब झाला तरी कोणाच्या घरची चूल अडत नव्हती. या कामावर यंत्राची व माणसांची परीक्षा झाली. त्यानंतर पगाराच्या कामाची तयारी झाली. पगारासाठी लागणारी माहिती दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून दोनदा नोंदवून घेत व दोन्ही नोंदी ताडून पाहत. काही आठवडे कारकून आपल्या नेहमीच्या रीतीने पगार काढीत, त्याच वेळी यंत्रही पगार काढी. आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली जात. ती जुळू लागली तेव्हाच, १९५४ च्या आरंभी, बेकरीच्या कामगारांचा पगार यंत्राच्या हिशेबाने देण्यास सुरुवात झाली; पुढे क्रमाक्रमाने इतर कामगार त्यात घेण्यात आले. अनुभवी कारकुनास एका कामगाराचा पगार काढण्यास सुमारे ८ मिनिटे लागत. ‘लिओ’ला दीड सेकंद पुरे होई.

त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, चहागृहांना रोज लागणारा माल पाठविण्याचे काम यंत्राकडे आले. येथे यंत्राशी संबंध येणार होता तो चहागृहांच्या व्यवस्थापिकांचा. त्यांना यंत्राची भाषा शिकविण्याच्या भरीस संस्था पडली नाही. प्रत्येक चहागृहाची त्या त्या वाराची नेहमीची मागणी आधीच ठरवून यंत्रात नोंदविली. मुख्य कचेरीतून व्यवस्थापिकेस रोज ठराविक वेळी दूरध्वनी येई. तिने नेहमीच्या मागणीत काय वाढवावयाचे व काय कमी करावयाचे तेवढेच सांगावे. ऐकणारी कर्मचारी कानाला यंत्र लावून तो बदल तत्काळ कार्डावर नोंदवी. शंभर जिनसांची यादी रोज लिहिण्याचे काम संपले, आणि त्याऐवजी दोन मिनिटांचे बोलणे आले. नव्या प्रणालीने वापरणाऱ्याच्या डोक्यावरील ओझे उतरविले. म्हणूनच ती त्याला आपली वाटली.

२. कॅनडातील ‘फीनिक्स’

आता दुसरे उदाहरण पाहू. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची व्यवस्था बदलण्याचे काम २००९ मध्ये हाती घेतले. सुमारे चाळीस वर्षांची जुनी प्रणाली काढून ‘फीनिक्स’ नावाची नवी प्रणाली आणावयाची होती. शिवाय निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले पगाराचे काम न्यू ब्रन्स्विक प्रांतातील मिरामिशी या एका गावी एकत्र करावयाचे होते. या दोन्ही गोष्टींमुळे दर वर्षी सुमारे ७ कोटी डॉलर वाचतील, असा अंदाज बांधण्यात आला होता.

काम सोपे नव्हते. निरनिराळ्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे वेतनाचे नियम हजारोंच्या संख्येने होते. प्रणाली बांधणाऱ्या कंपनीने सांगितलेला खर्च मंजूर रकमेपेक्षा पुष्कळ अधिक निघाला. तेव्हा रक्कम वाढवून मागण्याऐवजी प्रणालीतील कामेच कमी करण्यात आली. जी कामे वगळली त्यांत मागील तारखेपासूनच्या थकबाकीचा हिशेब करण्यासारखे महत्त्वाचे कामही होते. एका खात्यात प्रथम प्रयोग करून पाहण्याचे ठरले होते, तोही रद्द करण्यात आला. याच काळात खात्याखात्यांतील सुमारे १२०० वेतन-सल्लागारांच्या जागा कमी करण्यात आल्या व मिरामिशी येथे त्याहून पुष्कळ कमी माणसे नेमण्यात आली. त्यांतील अनेक या कामाला नवखी होती.

२४ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या टप्प्यात ३४ खाती व सुमारे १,२०,००० कर्मचारी नव्या प्रणालीवर आले. तक्रारी येऊ लागल्या. तरीही दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, उरलेली ६७ खाती व सुमारे १,७०,००० कर्मचारी तिच्यावर आणण्यात आले. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. कोणाला पगार कमी आला, कोणाला अधिक आला, कोणाला मुळीच आला नाही. अधिक आलेला पगारही सुखाचा नव्हता, कारण तो परत करावयाचा होता व त्यावरील कराचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होता. २०१७ च्या मध्यापर्यंत दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली होती. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ मधील अहवालात या कार्याला अनाकलनीय अपयश म्हटले. आणि त्याच वर्षी सरकारने ही प्रणाली सोडून दुसरी शोधण्याचा आपला इरादा जाहीर केला.

३. दोहोंतील भेद

कॅनडाचे काम लायन्सच्या कामाहून कितीतरी मोठे होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु काम मोठे आहे, हे सावकाश चालण्याचे कारण आहे. घाई करण्याचे नव्हे. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता पुढील भेद दिसून येतात.

पहिला भेद क्रमाचा. लायन्सने आधी साधे काम दिले, मग कठीण. आधी एक विभाग घेतला, मग दुसरे. कॅनडात प्रयोगाची पायरीच गाळली गेली, आणि पहिल्या टप्प्यातून शिकण्यास दोन महिन्यांपेक्षा अधिक वेळ मिळाला नाही.

दुसरा भेद जोडचालीचा. लायन्समध्ये जुनी व नवी रीत काही काळ बरोबरीने चालली. बैलगाडीस नवा बैल जुंपावयाचा तर तो प्रथम जुन्या बैलाच्या जोडीस लावतात, दोन्ही नवे बैल एकदम लावीत नाहीत. तसाच हा प्रकार आहे. कॅनडात नवी प्रणाली व नवी माणसे एकाच वेळी जुंपली गेली.

तिसरा भेद जाणत्या माणसांचा. लायन्सच्या आखणीत कचेरीचे काम जाणणारी माणसे अग्रभागी होती. कॅनडात खात्यांतील जाणती माणसे, त्यांची सर्वांत अधिक गरज असतानाच दूर झाली. अमक्याची रजा कोणत्या नियमात बसते, तमक्याची बढती कोणत्या तारखेची, हे ज्ञान पुष्कळदा नियमपुस्तकात नसते. ते वीस वर्षे तेच काम केलेल्या माणसाच्या स्मरणात असते. यंत्र आल्याबरोबर त्या माणसाला निरोप देणे म्हणजे विहिरीला पाणी लागण्यापूर्वीच जुना पाणवठा बुजविणे होय.

चौथा भेद थांबण्याच्या धैर्याचा. उत्तरे जुळली नाहीत तर नवी रीत सुरू करावयाची नाही, ही कसोटी लायन्समध्ये आधीच ठरलेली होती. कॅनडात ठरलेला दिवस व ठरलेला खर्च हीच कसोटी झाली.

४. आपल्या कामाशी संबंध

हा विषय परदेशाचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. महाराष्ट्रातील शिक्षकांची वेतनदेयके ‘शालार्थ’ प्रणालीतून तयार होतात. ‘यूडायस प्लस’वर २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. प्रणालीत बदल होतात, नवी सदरे येतात, नवे नमुने येतात. त्या प्रणाली बांधण्याचे काम जिल्ह्याचे वा तालुक्याचे नसते. परंतु त्या शाळेपर्यंत नीट पोचविण्याचे काम मात्र विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक यांचेच असते. म्हणून वरील धड्याचे तालुक्याच्या पातळीवर रूपांतर कसे करावे, ते पाहू.

(अ) कामाची मोजदाद. नवे काम सुरू होण्यापूर्वी जुने काम आज कसे चालते, ते कागदावर मांडावे. कोणता कागद कोठून निघतो, कोणाच्या सहीने पुढे जातो व कोठे अडतो, हे सर्व लिहावे. नेहमीच्या बाबी बहुधा कोणी विसरत नाही. अपवाद विसरले जातात. आंतरजिल्हा बदलीने आलेला शिक्षक, प्रसूतिरजेवरील शिक्षिका, निलंबनानंतर रुजू झालेला कर्मचारी, अशा अपवादांची वेगळी यादी करावी. प्रणालीची परीक्षा या यादीवरच होते.

(आ) थोड्यापासून आरंभ. समजा, एका तालुक्यात १२ केंद्रे आहेत. पहिले दोन महिने एकच केंद्र घ्यावे; मात्र ते सर्वांत हुशार केंद्र नसावे. त्यात एखादी द्विशिक्षकी शाळा असावी, एखादी मोठी केंद्रशाळा असावी व जेथे दूरध्वनीचा संदेश क्षीण येतो अशी डोंगरातील एखादी शाळाही असावी. या दोन महिन्यांत जुनी व नवी नोंद दोन्ही ठेवून ताडून पाहाव्या. तिसऱ्या महिन्यात आणखी ३, चौथ्यात ४ व पाचव्यात उरलेली ४ केंद्रे घ्यावी. शाळांना दुहेरी काम पडते ही तक्रार योग्य आहे; म्हणूनच हा दुहेरी काळ किती असेल ते आधी सांगावे, तो विनाकारण वाढवू नये आणि त्या महिन्यांत त्या केंद्रास इतर माहिती मागण्याचे शक्यतो टाळावे.

(इ) दिवसाची निवड. वेतनदेयक पाठविण्याच्या दिवशी, परीक्षेच्या आठवड्यात किंवा शाळा उघडण्याच्या धांदलीत नव्या गोष्टीचा आरंभ करू नये.

(ई) प्रशिक्षण. तीन महिने आधी दिलेले प्रशिक्षण प्रत्यक्ष कामापर्यंत स्मरणात राहत नाही. ते कामापूर्वीच्या पंधरवड्यात द्यावे. सभागृहात शंभर जणांना पडद्यावर चित्रे दाखविणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, हे शिक्षकास निराळे सांगावयास नको. प्रत्येकाने आपल्या शाळेचे खरे कागद आणावे व स्वतःच्या हाताने एक नोंद पुरी करावी. चूक करून ती दुरुस्त कशी करावी, हेही त्याच वेळी शिकवावे; कारण ज्याला दुरुस्ती येते, त्याला भीती वाटत नाही.

५. साहाय्याची व्यवस्था

आरंभाचा दिवस पार पडला की काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक, वापरणाऱ्याचे काम त्या दिवशी सुरू होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे साहाय्य मिळते, त्यावरच नव्या पद्धतीविषयीचे मत बनते व ते मत मागाहून बदलणे कठीण जाते.

प्रत्येक केंद्रात दोन साहाय्यक शिक्षक नेमावे. ते तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. ते शांत स्वभावाचे व समजावून सांगण्यात निपुण असावे. वयाने ज्येष्ठ असा एखादा मुख्याध्यापक तरुण सहकाऱ्यापुढे आपले अज्ञान दाखविण्यास संकोचतो. ज्याने आयुष्यभर इतरांना शिकविले, त्याला ‘मला हे येत नाही’ असे म्हणणे जड जावे, यात आश्चर्य नाही. त्यामुळे तो प्रश्न विचारीत नाही. आपला सांकेतिक शब्द दुसऱ्याच्या हाती देऊन काम उरकून घेतो. यात दोन हानी होतात. नोंदीची जबाबदारी ज्याची, त्याच्या हातून नोंद होत नाही. आणि त्या मुख्याध्यापकाचे परावलंबन कायम राहते. साहाय्यकाने म्हणून एक नियम पाळावा : शेजारी बसावे, परंतु कळफलकावर बोटे शिकणाऱ्याचीच असावी. तसेच ज्येष्ठांना सेवापुस्तके, रजेचे नियम व जुन्या नोंदी यांचे जे ज्ञान असते, ते तरुणांजवळ नसते. दोघांना एकत्र बसविले तर शिकणे दोन्हीकडून होते व संकोच आपोआप नाहीसा होतो.

केंद्रात एक अडचण-वही ठेवावी. तिच्यात चारच रकाने असावे : दिनांक व शाळा, अडचण, कोणाकडे कळविली, उत्तर केव्हा व काय मिळाले. दर शनिवारी केंद्रप्रमुखाने ती पाहावी. एकच अडचण पाच शाळांतून आली, तर दोष शिकणाऱ्यांचा नाही. तो शिकविण्यात किंवा प्रणालीत आहे, असे समजून ती तत्काळ वर कळवावी. जी अडचण केंद्रात सुटत नाही ती तालुक्यास, व तालुक्यात सुटत नाही ती जिल्ह्यास किती दिवसांत जावी, हे आधी ठरलेले असावे. उत्तर मिळाले नसेल तर ‘अद्याप उत्तर नाही’ एवढे तरी शाळेस कळवावे. वाट पाहणे माणूस सहन करतो. विसरले जाणे सहन करीत नाही.

चुकीचा परिणाम ज्याच्यावर झाला त्याची वेगळी काळजी घ्यावी. एखाद्या शिक्षकाचा पगार अडला, तर प्रणाली दुरुस्त होईपर्यंत थांबा, हे उत्तर पुरेसे नाही. नियमात बसणारा दुसरा मार्ग कोणता, हे आरंभाच्या दिवसापूर्वीच लिहून ठेवावे. एखाद्या बालकाचे नाव नोंदीतून सुटले, तर त्याच्या लाभाच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. शिक्षक निदान तक्रार करू शकतो. बालकास आपले नाव सुटले आहे हेच ठाऊक नसते. त्याच्या वतीने पाहणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

६. समारोप

नवी यंत्रणा येते ती श्रम वाचविण्यासाठी. परंतु आरंभी ती श्रम मागते, आणि हे श्रम कोणी करावयाचे हे आधी ठरले नाही, तर ते सर्वांत दुबळ्याच्या वाट्यास जातात. लायन्सने ते श्रम आखणी करणाऱ्यांच्या वाट्यास दिले. कॅनडात ते पगाराची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वाट्यास आले. शेतकरी रोप लावण्यापूर्वी वाफा तयार करतो आणि लावल्यानंतर रोज पाणी घालतो. रोप जगले नाही तर रोपाला दोष देत नाही. नव्या यंत्रणेच्या बाबतीतही वाफा व पाणी या दोन गोष्टी ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी आपले कर्तव्य ओळखावे, एवढाच या अभ्यासाचा सारांश आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. लायन्स कंपनीने यंत्रास पहिले काम पगाराचे न देता मालाच्या मूल्यांकनाचे का दिले असावे?

२. कॅनडात पहिल्या टप्प्यानंतर दुसरा टप्पा पुढे ढकलला असता, तर कोणते लाभ झाले असते व कोणत्या अडचणी आल्या असत्या?

३. आपल्या शाळेच्या वेतनदेयकातील अथवा विद्यार्थी-नोंदीतील पाच अपवादात्मक बाबींची यादी करा. त्यांपैकी कोणती बाब सर्वांत अधिक चुकते व का?

४. आपल्या केंद्रात साहाय्यक म्हणून कोणते गुण असलेली व्यक्ती नेमाल? नावे न घेता केवळ गुण सांगा.

५. अडचण-वहीचा नमुना तयार करून पुढील संमेलनात आणा, व एका महिन्याच्या नोंदींवरून कोणती अडचण वारंवार येते ते सांगा.